पावसाचे चार टायर

माझ्या सुनेच्या माहेरची मंडळी पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हा तिच्या मामांनी विचारलं, "आपण काय करत होतात?" मी सांगितलं, "स्टेपन्या सांभाळत होतो." मामा मोठ्याने हसले. त्यांना वाटलं, व्याही गमत्या आहे. मीही हसलो आणि पोह्यांची बशी पुढे केली. पण सांगितलं ते खरं होतं. रेसच्या गाडीची जादा चाकं मोजून घ्यायची, त्यांच्यावर खुणा करायच्या, बंद ट्रेलरमध्ये ती नीट बसवायची आणि ट्रॅकवर मागतील ते चाक मागतील त्या क्षणी काढून द्यायचं, यात माझं अर्धं आयुष्य गेलं. या कामाला धड नावही नाही. पगाराच्या कागदावर हेल्पर लिहायचे. ट्रॅकवर टायरकाका म्हणायचे, ते मला जास्त आवडायचं.

त्याआधी चौकच्या नाक्यावर माझं पंक्चरचं दुकान होतं. एकदा मुंबईचे एक शेठ गाडीचं चाक बसलं म्हणून थांबले. चाक उतरवलं की ते कुठलं, हे मी खडूने त्यावर लिहून ठेवतो, ही माझी जुनी खोड. शेठ म्हणाले, "चारही सारखीच तर आहेत, लिहिता कशाला?" मी म्हटलं, "दिसायला सारखी हायेत शेठ, झिजायला नाहीत." महिन्याभराने त्यांचा माणूस मला बोलवायला आला. शेठना रेसचा नाद होता. आधी स्वतः चालवायचे, मग पोट स्टीअरिंगला लागायला लागलं तेव्हा चालवायला दुसरे ठेवले. खालापूरला आतल्या रस्त्याला त्यांची शेड होती. शेडमध्ये गाडी, गाडीशेजारी ट्रेलर, आणि ट्रेलरच्या पोटात माझा संसार.

ज्यांनी असा ट्रेलर पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. चाकांवर उभी केलेली पत्र्याची लांबट खोली समजा. मागची सगळी भिंत म्हणजे दरवाजा. तो खाली पाडला की त्याचीच उतरण होते. त्यावरून गाडी आत ओढायची, चारही बाजूंनी पट्ट्यांनी जमिनीला आवळायची, दरवाजा लावायचा आणि पुढे जीप जोडून निघायचं. बाहेरून बघणाऱ्याला कळत नाही आत म्हशी आहेत की मोटार. गाडीच्या नाकापुढे जी थोडी जागा उरते तिथे, पुढच्या भिंतीला, मी चाकांची मांडणी केली होती. एका रांगेला दोन आडवे पाइप, मधे वीतभर अंतर. चाक त्या दोन पाइपांच्या मधे उभं बसतं, गडगडत नाही आणि खालीही पडत नाही. वरच्या रांगेत आठ, खालच्या रांगेत आठ. वरून पट्टा आवळला की खड्ड्यातही चाक हलायचं नाही.

हे सुचलं ते मार खाऊन. पहिल्या वर्षी उतरवायला सोपं म्हणून सगळी चाकं मी मागच्या दरवाजापाशी रचली. घाटात उतारावर ट्रेलर अशी शेपूट हलवायला लागला की जीपचा ड्रायव्हर घामाघूम झाला. घरी येऊन वडिलांना सांगितलं. ते अंगणात बसले होते, मानही वर न करता म्हणाले, "गाडी उलाळ झाली रं तुजी. मागं भरतात का कंदी?" बैलगाडीत माल मागे जास्त भरला की पुढची बाजू उचलते, त्याला आमच्याकडे उलाळ म्हणतात. शाळकरी वयापासून मी भाताच्या पेंढ्याच्या गाड्या भरल्या होत्या, आणि ट्रेलर भरताना ते सगळं विसरलो, कारण ट्रेलर इंग्रजी होता. दुसऱ्या दिवशी सगळं वजन पुढे आणलं.

टायरही जपावा लागतो. रेसचा टायर म्हणजे गुळगुळीत, त्यावर नक्षी नसते, आणि रबर मऊ असतं. ऊन लागलं, जनरेटरची हवा लागली, पेट्रोलचा वास लागला की ते कडक होतं, आणि कडक टायर रस्ता धरत नाही. बंद ट्रेलर उन्हात उभा राहिला की आत भट्टी होते. म्हणून मी घरून जुन्या गोधड्या आणून चाकांवर टाकायचो. बाकीच्या टीमची माणसं हसायची. हसून झालं की हळूच विचारायची, एखादी जास्तीची आहे का.

खुणा मी मराठीत करायचो. पुढचं डावं म्हणजे "पु डा", मागचं उजवं म्हणजे "मा उ", आणि पुढे त्या चार चाकांच्या जोडाचा आकडा. आमच्या इंजिनचा मिस्त्री तिकडचा, दक्षिणेतला. तो परस्पर ट्रॅकवर यायचा. दोन वर्षं त्याला वाटत होतं की मी टायरवर देवाचं काहीतरी लिहितो. चाक लावण्याआधी तो त्या अक्षरांना बोट लावून छातीला लावायचा. खरं कळल्यावर तो इतका रागावला की दिवसभर माझ्याशी बोलला नाही, आणि पुढच्या रेसला पुन्हा बोट लावायला लागला.

शेठच्या परवानगीने मी दुसऱ्यांचेही ट्रेलर लावून द्यायचो, तिथे गिऱ्हाइकं चमत्कारिक भेटली. शेठच्या ओळखीचे एक गृहस्थ नेरळच्या बाजूला फार्महाउसवर असायचे. त्यांनी माझ्याकडून ट्रेलर लावून घेतला आणि हट्ट धरला की चकचकीत चाकं मागच्या दरवाजापाशीच रचा, दरवाजा उघडला की पाहुण्यांच्या डोळ्यांत भरली पाहिजेत. मी नको म्हटलं, उलाळ समजावून सांगितलं, ऐकेनात. शेवटी त्यांच्याच घरासमोरच्या चढावर त्यांनी स्वतः दरवाजा उघडला. चाकं पाहुण्यांच्या डोळ्यांत भरली आणि तशीच रस्त्याला लागली. तीन सापडली. चौथ्याचा पत्ता दुसऱ्या दिवशी लागला. खालच्या वाडीतल्या एका आजीच्या पडवीत ते आडवं पडलं होतं, त्यात पेंढा भरलेला आणि पेंढ्यावर कोंबडी अंड्यांवर बसलेली.

"आजी, चाक आमचं हाय," मी म्हटलं.

"असंल. पन माज्या दारात आपल्या पायानी आलंय. मी बोलवाया गेलते का?"

"तसं नाय, पन साहेब खोळंबलेत."

"साहेबाला सांग, कोंबरी बसलेय. पिल्लं निंगाली की ने."

मी जाऊन तसंच सांगितलं. गृहस्थ चांगले, थांबले. पिल्लं बाहेर आल्यावर मी चाक धुऊन नेऊन दिलं. हा किस्सा मी इतक्या वेळा सांगितला आहे की घरची माणसं उठून जातात. जो कधीच कुणाला सांगितला नाही, तो आता सांगतो.

तिचं खरं नाव लिहीत नाही. सुवर्णा म्हणू. खालापूर तालुक्यातल्याच एका गावची, शेतकऱ्याची मुलगी. रिसॉर्टमध्ये ते छोट्या गाड्यांचे ट्रॅक असतात ना, मुंबईचे लोक सुट्टीत येऊन गोल गोल फिरवतात, तिथे ती हेल्मेट वाटायचं काम करायची. गर्दी नसली की स्वतः एक चक्कर मारायची. एके दिवशी शेठ पाहुण्यांना घेऊन तिथे गेले. पाहुण्यांसमोर फुशारकी मारायला म्हणून त्यांनी तिच्याशी शर्यत लावली आणि हरले. पुन्हा लावली, पुन्हा हरले. आमच्या शेठचा एक मोठेपणा होता, हरवणाऱ्यावर ते रागवायचे नाहीत. दुसऱ्या वर्षी सुवर्णा आमची गाडी चालवायला लागली.

रेसच्या दुनियेत सगळे पैसेवाल्यांचे मुलगे. त्यांच्यात ही एकटी, घरून भाकरी बांधून आणणारी. शेडमध्ये आली की आधी माझ्या चाकांच्या रॅकपाशी यायची. कोणत्या टायरवर ती कशी चालवते ते मला रबरावरून कळायचं. पुढचा उजवा नेहमी एकसारखा झिजलेला, कुठे ओरखडा नाही. भल्याभल्यांचे टायर मी पाहिले आहेत, ब्रेक मारून मारून एका जागी सपाट केलेले. हिचा टायर हातात घेतला की बरं वाटायचं.

ज्या वर्षाची गोष्ट आहे त्या वर्षी तीन राउंड, म्हणजे तीन शर्यती होत्या, तिन्ही चेन्नईच्या बाजूच्या ट्रॅकवर. पहिला जुलैत, दुसरा ऑगस्टमध्ये, तिसरा ऑक्टोबरच्या अखेरीला. आमच्या सोळा चाकांत चार-चारांचे तीन जोड कोरड्या रस्त्याचे आणि एक जोड पावसाचा. पावसाच्या टायरला खोल खाचा असतात, त्यातून पाणी बाहेर फेकलं जातं. गुळगुळीत टायर पाण्यावर टिकतच नाही, तरंगतो. त्या चारांवर मी खडूने "पा" लिहायचो.

जुलैत आम्ही निघालो तेव्हा खालापूरला आभाळ फाटलं होतं. शेडमधून बाहेर उभ्या केलेल्या ट्रेलरपर्यंत चाकं नेताना मी चिंब झालो. तिकडे पोचतो तर रणरणतं ऊन, ट्रॅकवर धूळ उडतेय. ऑगस्टमध्ये तेच. भरून नेलेले पावसाचे चार टायर दोन्ही वेळा न उतरवता परत आणले. दोन्ही राउंड सुवर्णा जिंकली. तिसऱ्या राउंडला पहिल्या पाचात आली असती तरी वर्षाचं पहिलं बक्षीस तिचं होतं. आणि शेठनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "हे वर्ष जिंकलंस तर पुढच्या वर्षी मोठ्या गाडीत तुलाच बसवणार." मोठी गाडी म्हणजे वरचा वर्ग. तिथून पुढे कंपन्या स्वतः चालवायला बोलावतात, बापाच्या खिशाची गरज उरत नाही. तिला हा एकच रस्ता होता.

निघायच्या आदल्या दिवशी शेठचा फोन आला. शेवटच्या राउंडला त्यांचे धंद्यातले पाहुणे येणार होते. त्यांच्यासाठी एक तंबू, दहा घडीच्या खुर्च्या आणि एक छोटा फ्रिज ट्रेलरमधून न्यायचा होता. "जागा करा," शेठ म्हणाले आणि फोन ठेवला. तंबू मी बाजूच्या भिंतीला उभा बांधला. खुर्च्या आणि फ्रिज कुठे ठेवायचे? खालच्या रांगेत डावीकडे पावसाचे चार होते. ते काढले तर बरोबर जागा होत होती.

माझ्या डोक्यात काय होतं ते सांगतो. दसरा होऊन गेला होता. आमच्याकडे लवकर येणारं हळवं भात कापून खळ्यावर आलं होतं, उशिराचं गरवं पिवळं पडलं होतं. आभाळ धुतल्यासारखं निळं. जुलै-ऑगस्टमध्ये जिथे थेंब पडला नाही, तिथे कापणीच्या दिवसांत कसला पाऊस पडतोय? त्या किनाऱ्याला पाऊस आपल्या उलटा येतो, आपल्याकडे संपला की तिकडे सुरू होतो, हे मला ठाऊक नव्हतं. कुणाला विचारावं असंही वाटलं नाही. पावसाचं मला काय सांगायचं, शेतकऱ्याचा मुलगा मी.

सुवर्णा तेव्हा शेडमध्येच होती. मी चार चाकं काढून भिंतीशी लावताना तिने पाहिलं.

"काका, पावसाचं नाय घेत?"

"आगं, आता कसला पाऊस? भात कापाया आलंय."

ती हसली. "व्हय, आमचं पन कापाया आलंय. नाय यायाचा."

संपलं. दोघं एकाच मातीतली, दोघांना एकच आभाळ माहीत. ठेवायचेच असते तर गाडीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन आडवे टाकून नेता आले असते. थोडी अडचण झाली असती एवढंच. मी ते भिंतीशी लावून त्यांच्यावर गोधडी टाकली.

रेसच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी ट्रॅकबाहेरच्या चहावाल्याकडे उभा होतो. तो मोडक्या हिंदीत म्हणाला, "कल संभालो, अब हमारा बारिश का टाइम." माझ्या हातातला चहा तसाच राहिला. त्या घटकेला खालापूरला फोन केला असता, तर कुणीतरी गाडीत चार चाकं टाकून रात्रंदिवस चालवत रविवार दुपारपर्यंत पोचला असता किंवा नसता. पण फोन करायचा म्हणजे शेठना कळणार. मी सुवर्णाला तेवढं बाजूला घेऊन सांगितलं. तिने वर पाहिलं. आभाळात काही नव्हतं. "बघू," म्हणाली, "नायबी येनार." आम्ही दोघांनी ते तिथेच ठेवलं. मिस्त्री इंजिनात डोकं घालून होता, आणि रॅक म्हणजे माझं राज्य, तिकडे दुसरं कुणी बघायचं नाही.

रविवारी जेवणवेळेला दक्षिणेकडून काळं आलं. रेसला तासभर असताना पहिले थेंब पडले आणि मग असा कोसळला की आमच्याकडच्या जुलैची आठवण झाली. शेजारच्या टीम पळत सुटल्या, पावसाचे टायर उतरवायला लागल्या. शेठ छत्री घेऊन आले.

"रेन टायर लावा, लवकर."

मी रॅकपुढे उभा. खालच्या रांगेत डावीकडची जागा रिकामी होती, कारण तिथल्या खुर्च्या आणि फ्रिज तंबूत गेले होते आणि शेठचे पाहुणे त्या तंबूत कोरडे बसून काहीतरी गार पीत होते. शेठनी रिकामे पाइप पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं.

"कुठे आहेत?"

माझ्या तोंडातून शब्द फुटायच्या आत मागून सुवर्णा बोलली. "मीच नको म्हणाले, शेठ. ट्रेलरचं वजन कमी होईल म्हणून."

शेठ तिच्याकडे बघत राहिले. "तू? तू ठरवलंस?" मग माझ्याकडे वळले. "खरं आहे?"

मी मान हलवली.

होकाराची. कुणी बळजबरी केली नव्हती. तेव्हा माझ्या घराच्या स्लॅबचं काम अर्धवट होतं, वय पन्नाशीच्या पुढे, दुसरं काम मिळायचं नाही. ही सगळी कारणं मला त्या क्षणी सुचलीही नव्हती. ती नंतर बसून मी स्वतःला सांगितली. त्या क्षणी फक्त एवढंच वाटलं की सुटलो.

शेठ निघून गेले. इतरांकडून टायर उसने घ्यावेत, तर आमच्या गाडीच्या चाकाला चार नट आणि त्यांच्या गाड्यांना पाच, एकही चाक बसेना. सुवर्णा हेल्मेट घालत होती. मी जवळ गेलो तर म्हणाली, "काका, तुमाला काढतील. मला नाय काढनार. आनि पाचात आले तर कोन इचारतंय टायरचं?"

तिची गाडी सगळ्यात पुढे उभी होती. पहिल्या चक्करीतच सहा जण पुढे गेले. पाण्यात गुळगुळीत टायरवर गाडी चालवणं म्हणजे शेवाळलेल्या बांधावरून डोक्यावर हंडा घेऊन चालणं. तरी ती पडेना. तिसऱ्या चक्करीला एकाला तिने मागे टाकलं, पाचवीला आणखी एकाला. आता ती पाचवी होती. तंबूतले पाहुणे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. मिस्त्री माझा दंड धरून उभा होता, त्याची नखं रुतली तरी मला कळलं नाही. सातव्या चक्करीला उजव्या वळणावर पाणी साचलं होतं. गाडीने तोंड फिरवलं, आडवी घसरत गेली आणि कडेच्या टायरांच्या भिंतीवर आदळली. पुढचं चाक मोडून आत गेलं. ती स्वतःच्या पायांनी बाहेर आली, एवढं देवाने राखलं.

परतीच्या दोन दिवसांत ती जीपमध्ये मागे बसून होती. मी पुढे. कोल्हापूरच्या पुढे तिने विचारलं, "गरवं कापलं असंल ना आता?" मी म्हटलं, "कापलं असंल."

इथपर्यंतचं तिला माहीत आहे. यापुढचं तिला माहीत नव्हतं.

महिन्याभराने शेठ शेडमध्ये आले. एकटेच. मोडलेल्या गाडीभोवती एक फेरी मारली आणि माझ्यासमोर स्टुलावर बसले. "गाडी आपटते, त्याचं मला काही नाही. मीही आपटल्या आहेत," म्हणाले. "त्या पावसात तिने जे चालवलं ते मी आयुष्यात पाहिलेलं नाही. पण चालवणाराच म्हणाला की टायर नकोत, तर मोठी गाडी त्याच्या हातात कशी देऊ? तुम्ही तिला रोज बघता. भरवसा ठेवता येईल का?"

एवढा सरळ प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. उत्तर तोंडात तयार होतं. टायर मी काढले, शेठ. तिने माझ्यासाठी खोटं सांगितलं. एवढी दोन वाक्यं.

मी म्हटलं, "पोरगी चांगली आहे."

"चांगली आहे ते मलाही दिसतं. भरवशाची आहे का, ते विचारतोय."

"आता तुम्ही बघा शेठ."

ते उठून गेले. पुढच्या वर्षी मोठ्या गाडीत पुण्याचा एक मुलगा बसला. सुवर्णाला कुणी काढलं नाही, फक्त फोन आला नाही. तिने दोन-तीन ठिकाणी विचारलं असं कानावर आलं. मग तेही यायचं थांबलं. मी त्यानंतर आणखी सहा वर्षं त्याच शेडमध्ये काम केलं. पावसाचे चार टायर त्यानंतर एकदाही मागे राहिले नाहीत. शेठ पाहुण्यांना माझी ओळख करून द्यायचे, "आमचे टायरकाका, यांच्या हातून चूक होत नाही." मी हसायचो. घरी स्लॅब पडला, वर खोलीही झाली. त्या खोलीत मला कधी धड झोप लागली नाही. बायको म्हणायची पत्रा नाही म्हणून सवय नाही. तिलाही मी सांगितलं नाही.

यंदा मुलाने शेलूला नव्या इमारतीत घर घेतलं. सुनेने गाडी शिकायचं मनावर घेतलं. गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो, खाली कट्ट्यावर बसलो होतो. शिकवायची गाडी आली. सूनबाई धावत खाली उतरली आणि शिकवणारी बाई गाडीतून उतरून बाजूच्या सीटकडे वळली. तिने माझ्याकडे पाहिलं, थांबली.

"टायरकाका?"

सुवर्णाच होती. अंगाने भरली होती, चष्मा लागला होता. सूनबाईला तिने आरसे लावून बसायला सांगितलं आणि माझ्याजवळ कट्ट्यावर येऊन बसली. माझे केस पिकले म्हणाली. गुडघ्यांची चौकशी केली. नवरा भिवपुरीला नोकरीला, एक मुलगी आहे, बायकांना गाडी शिकवते, बरं चाललंय, असं सगळं सांगितलं. कसलाही आकस नाही. तो असता तर मला सोपं गेलं असतं.

मी म्हटलं, "दिवाळी अंकवालं कामाचं लिवून द्या म्हनतायत. त्या ऑक्टोबरचं लिवीन म्हनतो."

"काय लिवनार?"

"खरं. टायर मी काढलं. मान मी हलवली. आनि मागाहून शेठ शेडवर येऊन इचारत होतं, भरवशाची हाय का म्हनून, तवा गप मीच बसलो."

ती माझ्याकडे वळली. "शेठनी इचारलं? कवा?"

"महिन्याभरानी."

"म्हंजी तवर ठरलं नव्हतं?"

"नव्हतं."

गाडीत सूनबाई आरसा मागे-पुढे करत होती. मग सुवर्णाने दोन्ही हात पुढे धरले, स्टीअरिंग धरल्यासारखे, आणि उजवा हात किंचित वळवला.

"मला वाटायचं, गाडी ठोकली म्हनून गेलं सगळं," ती म्हणाली. "त्या वळनावर हात एवढा वळवला मी. एवढा वळवाया पायजे होता. इतकी वर्सं, काका, निजताना रोज ते वळन घेते मी."

माफ कर म्हणायचं होतं, ते शब्द इतके हलके वाटले की तोंडातून निघाले नाहीत. आत्ता इथे लिहितो, पण तिथे निघाले नाहीत.

ती उठली. साडीचा पदर झटकला. गाडीच्या दाराला हात लावून म्हणाली, "लिवा. पन माझ्यासाठी लिवलं, असं नका लिवू."

मग आत बसली आणि सूनबाईला शांतपणे म्हणाली, "क्लच पूर्ण दाबा. घाई नाही."